पापडखाराची चूळ

माणसाचं तोंड म्हणजे देवाघरचं दार. देवाचं नाव तिथून निघतं, अन्न तिथून आत जातं आणि अखेरचं गंगाजळही तिथेच सोडतात. दगडू पेडणेकरच्या या दारात एकतीस वर्षं तंबाखू बसून होता, आणि आतून जे बाहेर येत असे ते देवाच्या कानावर गेलं असतं तर देवाने बिऱ्हाड बदललं असतं.

दगडू शिवडीच्या गोदामात हमालांच्या टोळीचा मुकादम होता. ट्रकच्या इंजिनावरून, पोत्यांच्या थप्प्यांवरून पलीकडच्या माणसाला शिवी पोचवायची तर छातीत जोर लागतो. तो जोर निवृत्तीनंतर घरी आला. परळच्या हरजीवन चाळीत तिसऱ्या मजल्यावर चहा गार झाला तर ते तळमजल्याला कळत असे. बायको शेवंती उडदाचे पापड करून विकायची. पीठ कुटायचं काम दगडूचं. पापडखाराच्या पाण्यात भिजवलेला पिठाचा गोळा दगडावर ठेवायचा, तेलाचा हात लावायचा आणि लोखंडी मुसळाने तो मऊ होईपर्यंत कुटायचा. दगडू कुटायला बसला की खालच्या खोलीतले लोक पंखा बंद करून बघत, पंखाच आवाज करतोय की काय.

फेब्रुवारीत त्याच्या डाव्या गालातली गाठ कापली. मार्चअखेर टाके सुकले आणि शेक द्यायचं ठरलं. रेडिएशन हा शब्द चाळीत कोणी वापरत नाही. शेक म्हटलं की कंबरेला देतात तसला काहीतरी घरगुती प्रकार वाटतो.

हॉस्पिटल चाळीपासून चालत सात मिनिटांवर. आसामातून, बिहारातून, नांदेड-परभणीतून लोक दोन-दोन दिवस प्रवास करून तिथे येतात आणि समोरच्या फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहतात. हरजीवन चाळीसाठी ते हॉस्पिटल दूधकेंद्राच्या पलीकडे होतं, म्हणून चाळीने ते कधी पाहिलं नव्हतं. पाहिली होती ती फुटपाथवरची माणसं. त्यातल्या काहींच्या नाकात बारीक नळी असे, तिचं टोक कानामागून फिरवून शर्टाला चिकटवलेलं. त्यांना दगडूने वीस वर्षांपूर्वी नाव ठेवलं होतं : टेलिफोनवाले. "लागला काय रे नंबर, वरचो?" असं तो कामावरून येताना पुटपुटायचा. पुटपुटणं त्याचं असल्यामुळे ते पलीकडच्या फुटपाथवर ऐकू जायचं. चाळ हसायची. नाव इतकं चपखल होतं की पुढे चाळीतली पोरंही तेच म्हणायला लागली.

डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता.

"काका, तीस शेक. सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. मध्ये खाडा नाही. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येईल. आतून सोलवटेल, भाजल्यासारखं. जेवण जाणार नाही. तरी जेवायचं."

"जेवू," दगडू म्हणाला.

"आज वजन बावन्न आहे. सत्तेचाळीसच्या खाली गेलं तर आपण नाकातून नळी घालू."

आजाराचं नाव दगडूला जानेवारीतच सांगितलेलं होतं. कॅन्सर झाल्याचं त्याला नळीचं नाव निघालं त्या क्षणी कळलं.

बाहेर आल्यावर तो शेवंतीला म्हणाला, "नळी घालूची नाय. काय वाट्टेल तां होऊ दे. नळी नको."

"कोण घालतंय? खायत जावा म्हंजे झालं," शेवंती म्हणाली.

असा सगळा मामला पाच किलोंवर आला.

चुळांचा कागद सिस्टर जसिंताने दिला. सिस्टर माझगावची, बावीस वर्षं याच विभागात, आणि आवाज इतका खालचा की पेशंटला तिचं ऐकायला स्वतःचं कण्हणं थांबवावं लागे. तिने कागदावर बोट फिरवत सांगितलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. एक चमचा मीठ. एक चमचा खाण्याचा सोडा. दर दोन तासांनी चूळ, तोंडात घोळवायची, थुंकायची. मऊ ब्रश. तिखट नाही, आंबट नाही, गरम नाही. दुकानातलं झणझणीत माउथवॉश अजिबात नाही.

"बस?" दगडूने विचारलं.

"बस," सिस्टर म्हणाली. "पण दर दोन तासांनी."

दगडूला हे पटलं नाही. एवढं मोठं मशीन, एवढा मोठा डॉक्टर, तोंडावर जाळीचा मुखवटा आवळून माणसाला टेबलाला स्क्रूने बसवतात, आणि शेवटी सोडा? मुलगी सुरुची कुरिअर कंपनीच्या ऑफिसात होती. ती येताना सोड्याचं पाकीट घेऊन आली. शेवंतीने ते बोटांत धरून उलटसुलट पाहिलं.

"हा भज्यात घालतात," ती म्हणाली.

"आई, कागदावर हेच लिहिलंय."

"लिहिलेलं असेल. हॉस्पिटलवाल्यांना गरिबाला झेपेल तेच लिवावं लागतं."

दोन आठवडे सोड्याच्या चुळा चालल्या. त्या वेळेवर व्हाव्यात ही जबाबदारी शेजारच्या बंडूकाकांनी स्वतःकडे घेतली. बंडूकाका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांच्या आजोबांचा गिरगावात दोन मजली बंगला होता, हे त्यांच्याशी बोलायला सुरुवात केल्यापासून तिसऱ्या मिनिटाला कळत असे. बंगला गेला; राहिली शिस्त आणि स्काउटची एक पितळी शिट्टी. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी ते गॅलरीत येऊन ती वाजवत.

"दगडू, चूळ."

"ओ काका, माका काय शाळेत घातलाव?" दगडू आतून ओरडायचा.

"रुग्णाने वेळ पाळली की अर्धा आजार घाबरतो," बंडूकाका म्हणायचे. हे त्यांनी कुठे वाचलं होतं ते विचारायची सोय नव्हती.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दगडूला पहिल्यांदा चहात मीठ लागलं. मग भाताला लोखंडाची चव आली. मग कशालाच चव राहिली नाही. तिसऱ्या आठवड्यात गालाच्या आत, जिभेच्या कडेला, टाळूला पांढरट चट्टे आले आणि चट्ट्यांच्या मधलं मांस लाल, ओलं, उघडं पडलं. थुंकी दोऱ्यासारखी व्हायला लागली. गिळताना तो दोन्ही मुठी मांडीवर दाबायचा. आवाज आधी खाली आला, मग फक्त गरजेपुरता राहिला, मग गेला. खालच्या मजल्यावरच्या लोकांना काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हाही असंच वाटलं होतं, असं एक म्हातारी म्हणाली.

नेमका पापडांचा मोसम. एप्रिलचं ऊन कडक पडायला हवं होतं, पण त्या वर्षी दुपारी बंदराच्या बाजूने मळभ यायचं आणि गच्चीवरचे पापड कडेला वाळत, मध्ये मऊ राहत. शेवंतीला दिवसातून तीनदा वर जाऊन ते उलटावे लागत. मिऱ्यांची पूड उडून दगडूच्या तोंडाला झोंबू नये म्हणून तिने पोळपाट गॅलरीत नेला होता. पाठ भिंतीला, पाय लांब, मांडीवर फडकं. पिठाच्या वळकट्या करायच्या, दोऱ्याने कापून लाट्या पाडायच्या, लाटायच्या. दर दोन तासांनी शिट्टी. लाटणं खाली, हात पुसून आत, पेला भरून दगडूच्या हातात, थुंकायला खाली तसराळं, तो चूळ घोळवेपर्यंत उभं राहायचं, तसराळं धुवायचं, परत बाहेर. तोवर लाट्यांवर साय धरलेली. त्या परत मळायच्या.

पीठ कुटायला माणूस नव्हता. सुरुची सकाळी ऑफिसला जाण्याआधी कुटायची आणि तळहाताला फोड घेऊन कुरिअरच्या पावत्या फाडायची. एकदा ती अंघोळीला गेली असताना दगडू उठला आणि मुसळ उचललं. पहिला घाव बसला. दुसऱ्याला मुसळ दगडाच्या कडेवरून घसरलं आणि फरशीवर पडलं. आवाज मोठा झाला. शेवंती दारात येऊन उभी राहिली. दगडू खाली बसून मुसळाकडे असा बघत होता की जणू ते एखाद्या हमालाने पाडलं होतं आणि आता त्याला काय बोलायचं ते आठवत नव्हतं.

"राहू दे. पीठ तसंच मुरतंय अजून," शेवंती म्हणाली. पीठ मुरून तीन तास झाले होते.

तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी तिने विचार केला. दुखणं वाढलं आहे. सोडा तोच आहे. म्हणजे सोडा पुरत नाही. आणि घरात फळीवर काचेच्या बरणीत पापडखार होता : मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्याकडून खास आणलेला, पांढराशुभ्र, एका चिमटीत किलोभर पिठाचं नशीब बदलणारा. तीस वर्षांत त्याने तिला एकदाही दगा दिला नव्हता. भज्यांचा सोडा नवऱ्याला आणि चांगला खार पापडांना, हे तिला बरं वाटेना. तिने सोड्याचं पाकीट मागे सारलं आणि पाण्यात एक चमचा पापडखार घातला. सपाट चमचा, बोटाने कड सारखी करून.

शेवंतीचा हेतू उत्तम होता. या गोष्टीत सगळ्यांचेच हेतू उत्तम आहेत.

शिट्टी वाजली. दगडूने पेला तोंडाला लावला आणि त्याचे डोळे मोठे झाले. मानेच्या शिरा वर आल्या. पायाची बोटं आत वळली. त्याने पाणी तोंडात धरलं, घोळवलं, सांगितलं होतं तितका वेळ घोळवलं, मग तसराळ्यात सोडलं. डोळ्यांतून पाणी गालांवर आलं होतं. ते त्याने खांद्याला पुसलं आणि पेला परत दिला.

"लागतंय ना आता?" शेवंतीने विचारलं.

त्याने मान हलवली. लागत होतं.

दोन तासांनी परत शिट्टी.

शनिवारी दुपारपर्यंत ही गोष्ट चाळीत पसरली. दगडू पेडणेकर चूळ भरताना बघायला लोक गॅलरीत काही ना काही कारण काढून येऊ लागले. ज्या माणसाने एकदा भाजीत केस निघाला म्हणून तिन्ही मजल्यांना साक्षीला बोलावलं होतं, तो माणूस डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना हूं की चूं करत नव्हता. पेला संपला की पुढचा ओतून घ्यायचा. शिट्टीला एक मिनिट उशीर झाला तर स्वतः दाराकडे बघायचा.

"हे सामर्थ्य," बंडूकाका हळू आवाजात म्हणाले. "आमच्या आजोबांच्या बंगल्यात एक साधू यायचे. ते निखारा तळहातावर ठेवत. पण निखारा एकदाच. हा दिवसाला नऊ वेळा."

"साधूला बायको नव्हती," मागून कोणीतरी म्हणालं. पण तेही हसण्यासाठी नाही. सगळे थोडे घाबरले होते. रोज ज्याच्याशी नळावरून भांडायचं तो माणूस आतून असा आहे, हे कळलं की आपण इतकी वर्षं कोणाशी भांडत होतो ते कळेनासं होतं.

सोमवारी वजन एकोणपन्नास किलो सहाशे ग्रॅम भरलं. दगडूने पोळपाटावरच्या पिठात बोटाने लिहिलं : २.६. सत्तेचाळीसपर्यंत तेवढंच उरलं होतं. आता तो असंच बोलायचा. पोळपाटावर तांदळाची पिठी पसरून द्यायची, तो लिहायचा, शेवंती वाचून हाताने सारखी करायची. पेज जात नव्हती. दूध दोन घोटांवर थांबत होतं. घोट तोंडात घेऊन तो दहा-दहा मिनिटं बसायचा, गिळायचं धाडस गोळा करत, आणि मग तो घोट तसाच तसराळ्यात जायचा.

"अहो, चुळा तर वेळेवर चालल्यात," शेवंती म्हणायची. "मग उतार का पडत नाय?"

तो पिठीत लिहायचा : पडेल.

गुरुवारी तपासणी होती. सिस्टर जसिंताने बॅटरी मारून त्याच्या तोंडात पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. मग तिने शेवंतीकडे बघितलं.

"मावशी, चुळा चालू आहेत?"

शेवंती याच प्रश्नाची वाट पाहत होती. तिने पिशवीतून बाटली काढली. रांगेत वेळ गेला तर खाडा नको म्हणून ती बाटली बरोबर आणायची. "दर दोन तासांनी. एकपण चुकवली नाय. शेजारी शिट्टी मारतात."

सिस्टरने बाटलीच्या झाकणात थोडं पाणी घेतलं, करंगळी बुडवून जिभेच्या टोकाला लावली आणि लगेच बेसिनकडे वळली. तोंड धुऊन आली तेव्हा तिचा आवाज होता त्याहूनही खाली गेला होता.

"यात काय घातलंय?"

"मीठ आणि पापडखार. सोड्यापेक्षा वरचा. घरच्या पापडात घालतो तोच. भेसळ नाय काय नाय."

"कधीपासून?"

"मागच्या शुक्रवारपासून."

बावीस वर्षांत सिस्टर जसिंताने पेशंटांच्या तोंडाला लावलेला मध पाहिला होता, तूप, तुरटी, टूथपेस्ट, अंगारा आणि एकदा ब्रँडी पाहिली होती. पापडखार पहिलाच. तिने दगडूकडे पाहिलं. तो खुर्चीत सरळ बसला होता, हात गुडघ्यांवर.

"मामा, हे जळत नव्हतं तोंडात?"

पाच दिवसांत तो बोलला नव्हता. शब्द बाहेर यायला वेळ लागला. ते एकेक करून, कडेला धरून धरून आले.

"जळत होता."

"मग सांगितलं का नाही?"

"औषध म्हटल्यावर जळतलाच." मग त्याने गिळलं, मुठी मांडीवर दाबल्या आणि म्हणाला, "ती लाटणा टाकून येत होती. दर टायमाक."

सिस्टरने बाटली बेसिनमध्ये रिकामी केली. शेवंतीच्या हातात बाटलीचं झाकण राहिलं होतं. ते ती बोटांनी फिरवत होती.

"सोडा वेगळा, मावशी. सोडा मऊ असतो. खार कडक. कोवळ्या मांसावर चुना लावल्यासारखं होतं," सिस्टर म्हणाली. तिने नवीन बाटलीत पाणी भरलं, कपाटातल्या डब्यांतून मीठ आणि सोडा घातला आणि हलवून शेवंतीच्या हातात दिली. मग थोडं थांबून म्हणाली, "प्रमाण मात्र तुम्ही अगदी बरोबर घेतलं होतं."

शेवंतीला रडायचं नव्हतं. पण हे तिने ते वाक्य ऐकण्याआधी ठरवलं होतं.

घरी येताना ती तीन पावलं मागे चालत होती. फुटपाथवर एक बाई नवऱ्याच्या नळीत मोठ्या सिरिंजने काहीतरी पातळ सोडत होती, दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकत होती. दगडू त्या बाजूला न बघता गेला. शेवंती बघत राहिली, मग झपाझपा चालून त्याला गाठलं.

जिन्यात ती म्हणाली, "सगळ्यांना काय सांगू?"

वर आल्यावर त्याने पिठीत लिहिलं : जुनं औषध बंद. नवीन सुरू.

ती वाचत राहिली. त्याने स्वतःच हात फिरवून ते पुसलं.

पापडखाराची बरणी त्या रात्री सगळ्यात वरच्या फळीवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली, कारण दादरच्या एका बाईंना चार किलो पापड द्यायचे होते आणि पापडांना दुसरं काही चालत नाही.

सोड्याची पहिली चूळ दगडूने घेतली ती डोळे मिटून, मुठी आवळून, पायाची बोटं वळवून. जळण्याची वाट पाहत राहिला. ते आलं नाही. त्याने एक डोळा उघडला. पाणी तोंडात होतं. कोमट, किंचित खारट, काही न मागणारं. त्याने ते घोळवलं. उघड्या मांसावरून ते असं फिरलं की जणू तिथे कोणीतरी ओल्या फडक्याने पुसत होतं, हलक्या हाताने, घाई न करता. थुंकीचे दोरे सुटून आले. तसराळ्यात पाणी सोडल्यावर तो पेल्याच्या तळाशी बघत बसला. सोडा तोच होता, पाच रुपयांच्या पाकिटातला. पहिले दोन आठवडे त्याने तो नुसतं पाणी म्हणून थुंकून टाकला होता.

पिठीत त्याने लिहिलं : औषध हाय काय नक्की यात?

"हाय," शेवंती म्हणाली. मग तिने करंगळी बुडवून स्वतःच्या जिभेला लावली. आता ती प्रत्येक पेल्याला तसं करत होती.

तोंड बरं झालं नाही. शेक चालू होते. रोज सात मिनिटं चालत जाऊन तो नवीन जाळून घेऊन यायचा. चट्टे तसेच होते, गिळताना मुठी तशाच दाबल्या जात होत्या. पण चुळेनंतर अर्धा तास असा यायचा की त्या वेळात त्याला आपल्याला तोंड आहे हे विसरता यायचं. चाळीत एवढी मोठी गोष्ट कोणाकडेच नव्हती. सिस्टरने बधिर करणारं जेल दिलं. जेवणाआधी दहा मिनिटं ते लावायचं आणि मग सगळं त्या दहा-पंधरा मिनिटांत गाठायचं. शेवंतीने उकड्या तांदळाची पेज तीनदा गाळली. अंड्याचा बलक दुधात घोटला. बर्फाचा बारीक खडा फडक्यात कुटून चमच्याने जिभेवर ठेवला. मुसळ आता त्याही कामाला आलं.

चौथ्या आठवड्याच्या शनिवारी संध्याकाळी तो दुधाचा पेला घेऊन गॅलरीत बसला. स्टीलचा साधा पेला, गळ्यापर्यंत भरलेला. बंडूकाकांनी शिट्टी वाजवली नव्हती. ते कठड्याला टेकून उभे होते. सुरुची ऑफिसातून येऊन चप्पल न काढता दारात थांबली. दगडूने एक घोट घेतला. जिभेच्या उजव्या बाजूने, जिथे चट्टे कमी होते तिकडून, त्याने तो मागे नेला. मान थोडी खाली. गिळला. अंगावर काटा आलेला सगळ्यांना दिसला. मग दुसरा घोट. खालच्या मजल्यावर कोणीतरी टीव्ही बारीक केला. जिन्यातून येणारी माणसं वरच्या पायरीवर थांबली. त्यांना कोणी थांबवलं नव्हतं. चाळीने ट्रकखाली बोट सापडलेला दगडू पाहिला होता, दंगलीच्या वर्षी दाराला पाठ लावून उभा राहिलेला दगडू पाहिला होता. पण पाव लिटर दूध पिणारा माणूस एवढा मोठा दिसू शकतो हे कोणाला माहीत नव्हतं. रिकामा पेला त्याने खाली ठेवला तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. हवेतला उकाडा, बंदरावरून येणारा कुबट वारा, गच्चीवरच्या पापडांचा हिंगाचा वास, सगळं जागच्या जागी होतं. कोणी टाळी वाजवली नाही. बंडूकाकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग ते मनगट खिशात घातलं.

"आमच्या आजोबांकडे सुद्धा," ते म्हणाले, आणि पुढे बोलले नाहीत. तसं पूर्वी कधी झालं नव्हतं.

पुढच्या सोमवारी वजन सत्तेचाळीस किलो सहाशे. खाराचे सहा दिवस वजनातून गेलेले दिसत होते. पाचव्या आठवड्यात तो रोज दोन पेले दूध, चार वाट्या पेज, दोन बलक पोटात घालत होता, आणि अंग त्याहून जास्त मागत होतं. शेवंती रात्री त्याच्या मनगटाभोवती स्वतःची दोन बोटं गुंडाळून बघायची. गुरुवारपासून बोटं एकमेकांवर चढायला लागली.

सहाव्या आठवड्याच्या सोमवारी सकाळी तिने त्याचा सदरा आणि पँट खुंटीवरून काढून स्वतः दिली. एरवी तो स्वतः घ्यायचा. पँट कमरेला पट्ट्याच्या नवीन भोकावर बसत होती, तरी ती एका बाजूने खाली ओढली जात होती. दगडूने उजव्या खिशावर हात ठेवला. आत काहीतरी गार आणि जड होतं. त्याने शेवंतीकडे पाहिलं. ती पापडांचा डबा पुसत होती. तो अगोदरच पुसलेला होता.

दगडूने खिशातला हात काढला आणि निघाला. सात मिनिटांच्या रस्त्यात तो दोनदा थांबला. दोन्ही वेळा शेवंतीही थांबली. मुकादमाच्या आयुष्यात त्याने काट्यावर पोत्याबरोबर पाय ठेवणाऱ्या दोन माणसांना टोळीतून काढलं होतं.

हॉस्पिटलच्या काट्यावर आकडा आला : ४७.३.

"चांगलंय," सिस्टर जसिंता म्हणाली. मग तिने त्याच्या पँटकडे पाहिलं, जी एका बाजूने खाली ओढली जात होती. "मामा, खिशात मोबाइल आहे का?"

सिस्टरने हात पुढे केला. त्याने खिशातून अर्ध्या किलोचं लोखंडी माप काढून तिच्या हातावर ठेवलं. त्याच्या खाचेत अजून उडदाचं पीठ होतं.

शेवंतीचं तोंड उघडलं. "सिस्टर, ते..."

"माझा हा," दगडू म्हणाला. आवाज फाटका होता, पण मापाच्या मालकाबद्दल त्यात शंका ठेवली नव्हती.

सिस्टरने माप टेबलावर ठेवलं. आकडा ४६.८ झाला होता. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"मामा, पाच शेक राहिले. तुम्ही सगळं केलंत. आता तोंडाला थोडी सुट्टी देऊ या. चूळ चालू ठेवायची. खाणं दुसऱ्या रस्त्याने जाईल. चट्टे भरले की नळी काढून टाकू, महिन्याभरात."

दगडूने खिडकीबाहेर पाहिलं. तिथून फुटपाथ दिसत होता. मग शेवंतीकडे वळला. ती पदराने हात पुसत होती, कोरडे हात, पुन्हा पुन्हा.

"तुका जमात?" त्याने विचारलं. "त्यात पेज घालूक?"

"जमेल," शेवंती म्हणाली. "गाळायची कशी ते आता माहीत हाय."

त्याने मान हलवली.

नळी बसवायला चार मिनिटं लागली. शुक्रवारी तिसावा शेक झाला तेव्हा त्याचं वजन सत्तेचाळीस किलो शंभर ग्रॅम होतं.